पंचविशीत म्हातारा, अडतिशीत तरणा



गेल्या महिन्यात एका वाचकबंधूंचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे, तेव्हा छापत नाही. त्यांचा थोरला मुलगा कबड्डीत तालुक्यात नावाजलेला. वय सत्तावीस. मागच्या मोसमात गुडघा दोनदा सुजला, आणि एकदा चढाईत डोके आपटून मैदानातच भोवळ आली. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि पोरगा म्हणतो, अजून पाच वर्षे तरी खेळणार. "खेळाडूचे अंग किती वर्षे साथ देते, ते एकदा लिहा," असा त्यांचा सवाल आहे.

मी काही वैद्य नव्हे. पण या सवालाचा हिशेब एका देशाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वहीत मांडून ठेवला आहे. कोणता गडी कोणत्या साली उतरला, किती सामने खेळला, कितव्या वर्षी बाहेर पडला, सगळे लिहिलेले. तो खेळ आपल्याकडे कुणी खेळत नाही, पण ज्या मैदानावर तो चालतो ते मैदान तुम्हा सर्वांच्या ओळखीचे आहे.

मेलबर्नचे क्रिकेट मैदान. १९८१ च्या फेब्रुवारीत पंचांवर रागावून गावसकर चेतन चौहानला बरोबर घेऊन बाहेर निघाले होते, ते हेच. त्याच सामन्यात दुखावलेल्या मांडीने कपिलदेवने पाच बळी घेऊन सामना जिंकून दिला, हे ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकले ते आज आजोबा झाले असतील. आपल्या संगमनेर तालुक्याच्या अजिंक्य रहाणेने २०२० च्या डिसेंबरात ११२ धावा काढल्या, त्याही इथेच. पण क्रिकेट हा या मैदानाचा उन्हाळी पाहुणा. मार्च ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे नांगरटी, पेरण्या, कोळपण्या चालतात त्या दिवसांत, तिकडे थंडी असते आणि मैदानावर राज्य असते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे. सप्टेंबरअखेरच्या अंतिम सामन्याला तिथे लाखभर माणूस लोटते.

मूळ गंमत अशी, की हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढला. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात आपली पोरे बसून सुस्तावतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचे मंडळ काढा. पुढच्या वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. क्रिकेटचीच मैदाने वापरायची, म्हणून या फुटबॉलचे मैदान लांबट गोल. एका बाजूला अठरा गडी. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हातात धरून पळता येतो, पण पंधरा मीटरच्या आत एकदा जमिनीवर टेकवावा लागतो. फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा किंवा लाथेने उडवायचा. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. उंच उडालेला चेंडू झेलण्यासाठी गडी दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढतात, आणि ते नियमात बसते. अंगावर ना शिरस्त्राण, ना पायाला पॅड. बिनबाह्यांचा बनियन आणि अर्धी चड्डी.

वीस-वीस मिनिटांचे चार डाव. पण चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते, म्हणून एकेक डाव अर्ध्या तासाच्या घरात जातो. मैदानाच्या मध्यभागी खेळणारा गडी एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावतो, आणि तेही सरळ नव्हे. वळायचे, थांबायचे, धडकायचे, पडायचे, उठायचे आणि पुन्हा धावायचे. असे आठवड्याला एकदा, मोसमात बावीस-तेवीस वेळा. आता सांगा, असे अंग किती वर्षे पुरेल?

याची दोन टोके आधी सांगतो.

जॉन कोलमन हा एसेन्डन संघाचा गडी. १९४९ साली पहिल्याच सामन्यात त्याने बारा गोल केले. सहा मोसमांत ९८ सामने आणि ५३७ गोल, म्हणजे सामन्याला पाचाहून जास्त. १९५४ साली एका शनिवारी त्याने चौदा गोल मारले, आणि पुढच्याच सामन्यात त्याचा गुडघा निखळला. वय पंचवीस. शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हा उभे राहण्याचे प्रयत्न झाले, पण तो परत कधी खेळू शकला नाही. पुढे त्याने संघाचा प्रशिक्षक म्हणून दोनदा अजिंक्यपद आणले, आणि १९७३ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. मोसमात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला आजही त्याच्या नावाचे पदक देतात.

दुसरे टोक मायकेल टक. हॉथॉर्न संघात १९७२ साली आला आणि १९९१ साली गेला. ४२६ सामने. सात अजिंक्यपदे, एवढी आजवर दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. शेवटचा सामना हा अंतिम सामनाच होता. संघनायक म्हणून तो जिंकला आणि अडतिसाव्या वर्षी मैदानाबाहेर पडला. नवल म्हणजे वीस वर्षांत त्याच्या संघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकदाही निवडले नाही. दुसरा क्रमांक मात्र कितीतरी वेळा मिळाला. मला स्वतःला हा माणूस फार आवडतो. घराघरांत असा एक असतोच. जत्रेत त्याचे नाव कोणी घेत नाही, पण मोट वीस वर्षे त्याच्याच खांद्यावर चाललेली असते.

१८९७ साली मोठी स्पर्धा सुरू झाल्यापासून तिच्यात बारा हजारांहून अधिक गडी खेळून गेले. त्यांतले तीनशे सामन्यांचा पल्ला गाठणारे शंभराच्या आसपास. चारशे गाठणारे तर दोन्ही हातांची बोटे पुरतील इतकेच. बाकीच्यांचे काय होते? बहुतेक जण अठराव्या वर्षी मोठ्या आशेने निवडले जातात आणि पंचविशीच्या आत घरी परततात. कोणाचा गुडघा जातो, कोणाचे पाऊल कमी पडते, कोणाला संघच नको म्हणतो. वर्तमानपत्रात फोटो छापून येतात ते टिकलेल्यांचे. तेव्हा पोराने चारशे सामन्यांचा दाखला दिला, तर त्याला त्या बारा हजारांचीही आठवण करून द्या.

तरी टिकणारे का टिकले, हे पाहण्यासारखे आहे.

चारशेचा आकडा सर्वांत आधी गाठला तो केव्हिन बार्टलेटने. रिचमंड संघ, १९६५ ते १९८३, एकूण ४०३ सामने. उंची जेमतेम पावणेसहा फूट, अंगाने किडकिडीत, डोक्यावर टक्कल झाकायला आडवे घेतलेले केस. लोक त्याला "भुकेला" म्हणत, कारण चेंडू हाती आला की दुसऱ्याला द्यायचे नाव नाही, थेट गोलाकडे. १९८० च्या अंतिम सामन्यात, तेहतिसाव्या वर्षी, त्याने सात गोल केले. त्याचे मर्म हे, की तो सहसा कोणाच्या हाती लागत नसे. धडक अंगावर येण्याआधी पठ्ठ्या निसटलेला असायचा. जे अंग कमी मार खाते ते जास्त दिवस टिकते, हे सांगायला पंडित नको.

टकही उंच पण सडसडीत. ब्रेन्ट हार्वी तर १६७ सेंटिमीटरचा, म्हणजे साडेपाच फूटही पुरता नाही. नॉर्थ मेलबर्न संघाकडून १९९६ मध्ये अठराव्या वर्षी उतरला आणि २०१६ च्या जुलैत त्याने टकचा पंचवीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याची शेवटची संख्या ४३२. भारी अंगाचे गडी गोळाबेरजेत मागे पडतात असे मला वाटते, कारण उडी मारून खाली आल्यावर ते वजन गुडघ्याला आणि घोट्यालाच झेलावे लागते.

दुसरे मर्म जागा बदलण्याचे. शॉन बर्गॉइन हा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनचा, तिथल्या मूळ रहिवासी समाजातला. २००९ च्या अखेरीस तो हॉथॉर्न संघात आला तेव्हा त्याच्या गुडघ्याबद्दल सगळ्यांना शंका होती. लोक म्हणाले, हे दुखणे विकत घेतले. तो २०२१ पर्यंत खेळला, ४०७ सामने पुरे केले आणि हॉथॉर्नसाठी ओळीने तीन अजिंक्यपदांत खेळला. तरुणपणी तो मैदानाच्या मध्यभागी पळत असे. पुढे मागच्या फळीत आला, जिथे धावणे कमी आणि डोके जास्त लागते. कॉलिंगवूडचा स्कॉट पेंडलबरी याचेही तेच. तो मूळचा बास्केटबॉलचा. त्याला कधी कोणी घाईत पाहिले नाही. बाकीचे धावत असतात तेव्हा हा जणू उभा राहून विचार करतो, असे तिकडचे लोक म्हणतात. २००६ मध्ये उतरलेल्या या गड्याने २०२४ साली चारशेवा सामना खेळला, आणि २०२५ चा मोसम संपला तेव्हा हार्वीचा विक्रम त्याच्या हाताच्या अंतरावर आला होता.

तिसरी गोष्ट गड्याच्या हातची नाही, संघाच्या हातची आहे. पूर्वी हे गडी आठवडाभर नोकरीधंदा करत, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. दुखापत झाली तर पट्टी बांधून पुन्हा उभे. आता तो पूर्णवेळचा पेशा झाला आहे. प्रत्येक संघाला डॉक्टर, मालीशवाले, आहार पाहणारे. गड्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, काडेपेटीएवढे यंत्र बसवतात. तो किती धावला, किती वेगाने धावला, सगळे त्यात उमटते. सोमवारी तो आकडा पाहून ठरवतात की या आठवड्यात याला किती राबवायचे. अठरा वर्षांच्या पोराला पहिली दोन वर्षे पुरा भार देत नाहीत. आपण खोंडाला दाती जुळण्याआधी जड नांगराला जुंपत नाही, तसेच हे. वय झालेल्या गड्याला मधूनच एखादा सामना विश्रांती देतात. १९७८ पासून दमलेला गडी बाहेर बसवून पुन्हा आत घेण्याची मुभा आली. पुढे हे आत-बाहेर इतके वाढले, की त्याला लगाम घालावा लागला. २०२१ पासून एका संघाला सामन्यात ७५ बदल.

गुडघ्याचे दुरुस्तीकामही सुधारले. गुडघ्यातला मधला बंध तुटला तर आज मांडीच्या मागच्या शिरेचा तुकडा काढून तिथे नवा बंध बसवतात, आणि नऊ महिने ते वर्षभराने गडी परत येतो. कोलमनच्या वेळी हे असते, तर आकडे वेगळे दिसले असते. मात्र शस्त्रक्रिया म्हणजे नवा गुडघा नव्हे. सिडनी संघाचा अ‍ॅलेक्स जॉन्सन २०१२ चे अजिंक्यपद जिंकला आणि मग त्याचा गुडघा पुन्हा पुन्हा गेला. एकामागून एक शस्त्रक्रिया सोसून जवळजवळ सहा वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टात, तो परत उतरला. सगळे मैदान त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. दुसऱ्याच सामन्यात दुसरा गुडघा गेला.

थांबायचे कधी, हे ठरवणे सर्वांत अवघड. हार्वीने विक्रम मोडला त्याला महिनाही लोटला नव्हता, तोच संघाने सांगितले की पुढच्या वर्षी तुझी गरज नाही. अडतीस वर्षांचा तो गडी तेव्हाही पोरांच्या बरोबरीने पळत होता आणि त्याला आणखी खेळायचे होते. संघाला तरुण माणसे हवी होती. दोघांचेही खोटे म्हणता येत नाही, पण मला विचाराल तर ते जरा रुक्षच झाले.

आता पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. गुडघ्यापेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटली.

डोक्याला मार बसून भोवळ येणे, हे पूर्वी या खेळात हसण्यावारी नेत. तोंडावर पाणी मारायचे, दोन बोटे दाखवून किती म्हणून विचारायचे आणि परत पाठवायचे. मायकेल टकचा मुलगा शेन हाही मोठा खेळाडू झाला. रिचमंडकडून १७३ सामने खेळला, पुढे काही काळ मुष्टियुद्धातही उतरला. खेळ सुटल्यावर मनाच्या आजाराने तो बेजार झाला, आणि २०२० च्या जुलैत त्याने आपले जीवन संपवले. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. घरच्यांनी त्याचा मेंदू तपासणीसाठी दिला. डोक्याला वर्षानुवर्षे हादरे बसल्याने मेंदूत जो विकार होतो, तो त्याला तीव्र स्वरूपात झालेला आढळला. हा विकार माणूस जिवंत असताना खात्रीने ओळखता येत नाही, मेंदू उघडून पाहावा लागतो. एकाच आजाराने असे झाले असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. पण सरकारी चौकशी झाली, आणि २०२३ च्या अखेरीस निकाल देताना न्यायाधीशांनी शिफारस केली, की सरावातली धडकाधडकी मर्यादित करावी. सामने थोडे असतात हो, सराव वर्षभर चालतो.

२०२१ पासून तिकडे नियम आहे, की डोक्याच्या माराने भोवळ आली तर निदान बारा दिवस तो गडी सामना खेळणार नाही, मग अंतिम सामना असला तरी. आणि गडी स्वतःहूनही थांबू लागले. मेलबर्न संघाचा अँगस ब्रेशॉ २०२३ च्या सप्टेंबरात टक्कर होऊन बेशुद्ध पडला. २०२४ च्या फेब्रुवारीत, अठ्ठावीस वर्षांचा असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने खेळ सोडला. कॉलिंगवूडचा नेथन मर्फी तर चोविसाव्या वर्षी थांबला. हातपाय धडधाकट, पैसा चांगला, संघ अजिंक्य, तरी थांबला. पूर्वी अशा गड्याला भित्रा म्हटले असते. आता कोणी म्हणत नाही.

तेव्हा पत्रलेखक बंधूंना माझे सांगणे असे. मुलाने पाच वर्षे खेळावे की नाही, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. पण दोन वेळा सुजलेला गुडघा हाडांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय त्याला मैदानात जाऊ देऊ नका. वळताना गुडघा दगा देतो, सटकल्यासारखा होतो, असे तो म्हणत असेल तर आतला बंध तुटलेला असू शकतो. तेल चोळून तो जुळत नाही. आणि डोक्याला मार बसून भोवळ आली, क्षणभर जरी काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी पुन्हा मैदान नाही. पंच म्हणोत, सरपंच म्हणोत, बक्षीस ट्रॅक्टरचे असो. एक-दोन दिवस घरी विसावा, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू चालणे, पळणे, आणि अगदी शेवटी पकडापकडी. डोके दुखणे वाढत गेले, उलट्या झाल्या, फार झोप यायला लागली, बोलणे अडखळले, झटका आला किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री जीप मिळेल ती करून दवाखाना गाठा. ही लक्षणे घरातल्या बायामाणसांनाही सांगून ठेवा, कारण रात्री उशापाशी त्याच असतात.

लग्नाच्या बोलण्यांत मी पडत नाही.

जाता जाता एका घराची गोष्ट सांगतो. केन फ्लेचर हा एसेन्डनचा गडी, २६४ सामने खेळला, संघनायकही झाला. त्याचा मुलगा डस्टिन १९९३ साली शाळेत शिकत असतानाच त्याच संघात उतरला आणि त्याच वर्षी अजिंक्यपद जिंकून बसला. हातपाय लांबच लांब, मागच्या फळीत उभा राहून समोरच्याचा चेंडू मुठीने उडवून लावण्यात त्याची हयात गेली. २०१५ च्या मे महिन्यात, चाळीस वर्षांचा होऊन काही दिवसच झाले असताना, तो चारशेवा सामना खेळला. त्यात जांघेचा स्नायू दुखावला आणि तोच शेवटचा ठरला. ४०१ झालेच नाहीत.

आता तिसरी पिढी. डस्टिनचा मुलगा मेसन हा अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाकडून तिकडचा फुटबॉल खेळायला गेला. त्या खेळात नुसती लाथ मारून चेंडू लांब उडवायला एक वेगळा माणूस ठेवलेला असतो. सामन्यात चार-सहा वेळा आत यायचे, चेंडू उडवायचा आणि पुन्हा बाकावर जाऊन बसायचे. अंगात शिरस्त्राणापासून सगळा सरंजाम. आजोबा २६४ सामने धडका खात राहिले, बाप ४०० सामने, आणि नातवाने हे काम धरले.